अलल डुर्रची नातवंडं

"चेटकिणीच्या पाठीला कुबड हवंय. वजनाला हलकं, दोन तास अंगावर राहील असं, आणि नाचताना जागचं हलता कामा नये."

मंडईजवळच्या बुरूड आळीत एक तरुण वेशभूषाकार दुकानदाराला समजावून सांगत होती. तो पाटीची कड वळण्यात गुंतला होता. हातातली कामटी न सोडता त्यानं विचारलं, "नाचणार कोण? बाई का बाप्या?"

"बाप्या."

"मग रुंद लागंल," असं म्हणून त्यानं मापासाठी स्वतःचीच पाठ तिच्यापुढं केली.

यंदाच्या अंकाचा विषय भीती. संपादकांनी माझ्याकडं सोपवली ती मुलांची भीती, त्यातही आईवडिलांनी तिकिटं काढून, पाण्याची बाटली नि खाऊचा डबा घेऊन मुलांना मुद्दाम दाखवायला नेलेली. लंडन-न्यूयॉर्ककडं मुलांच्या काळोख्या अद्भुत कादंबऱ्या रंगमंचावर येतात, त्याही गाण्यांसकट. एक बाई लहान मुलीच्या डोळ्यांच्या जागी बटणं शिवू पाहते, ही गोष्ट गाऊन सांगायची तर कशी सांगत असतील? आपल्याकडंही राक्षस, चेटकीण आणि पेटी-तबला यांचा संसार चांगला जुना आहे. ही भीती तयार कशी होते, तिचा डोस कोण ठरवतं, आणि मुलं ती घरी नेतात की नाट्यगृहातच टाकून जातात, हे बघायचं होतं. सुरुवात मंडईपासून केली, कारण पुण्यातल्या कितीतरी हौशी नाटकवाल्यांचा सामानाचा पहिला फेरा इथूनच निघतो.

सामानाची यादी

मंडईची इमारत १८८६ची. तेव्हाचं नाव रे मार्केट. वॉल्टर डुकाट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा आराखडा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, टोकदार छपरं, दगडी कमानी. युरोपातल्या भुताखेतांच्या कादंबऱ्या ज्या किल्ल्या-वाड्यांत घडतात, त्याच घराण्यातली ही वास्तू. फक्त मनोऱ्याखाली कैदेतल्या राजकन्येऐवजी पावटा, मटार आणि अळूच्या जुड्या. २०२४च्या सप्टेंबरपासून जमिनीखाली मेट्रोही आली. जिन्यावरून वर येणारी लहान पोरं मनोऱ्याकडं मान वाकडी करून बघतात आणि वर कोण राहतं, असं विचारतात. मोठी माणसं त्यांना ओढत तुळशीबागेकडं नेतात.

वेशभूषाकार ताईंचं काम होतं सुट्टीतल्या एका शिबिराच्या शेवटच्या नाटकाचं. गोष्ट मुलांनीच रचलेली. जुना वाडा, वाड्यात एक बंद खोली, खोलीत एक बाई. बाई दिसायला थेट आपल्या आईसारखी, पण ती कधीच कशाला "नको" म्हणत नाही. कुबड नंतर येतं, खरं रूप उघडं पडल्यावर. एका मुलानं 'कोरलाइन' हा ॲनिमेशनपट पाहिलेला होता, त्यामुळं बाईच्या डोळ्यांच्या जागी बटणं असावीत असा ठराव एकमतानं पास झाला. शिबिरातल्या दादानं आईचं काम करायचं, हाही मुलांचाच ठराव. मुलींपैकी कुणालाच ती व्हायचं नव्हतं आणि सगळ्यांना तिला पळवून लावायचं होतं.

कुबडाचं शास्त्र असं. आत कामट्यांचा सांगाडा, त्यावर फोम, त्यावर मांजरपाट, वरून रंग. खांद्यांवर आणि छातीवर दप्तरासारखे पट्टे, म्हणजे गिरकी घेतली तरी कुबड पाठीबरोबरच वळतं. आत नुसत्या चिंध्या कोंबल्या तर तासाभरात घामानं ते ओलं होतं आणि कमरेवर उतरतं. मग बाई म्हातारी न दिसता गरोदर दिसते आणि मुलं हसतात. चुकीच्या जागी हसतात, ही ताईंची खरी तक्रार.

तिथून तुळशीबागेत गंगावनं. पिकलेल्या केसांचं गंगावन दुकानदारापाशी नव्हतं. "कुणी मागतच नाही हो," तो म्हणाला, आणि उपाय त्यानंच सुचवला: काळं घ्या, पांढरी लोकर घ्या, दोन्ही एकत्र विंचरा. पुढं बोहरी आळीत दोऱ्या आणि डिंकाचा डबा, मग रविवार पेठेत काळं कापड. बटणांपाशी मात्र गाडी अडली. कोटाचं सगळ्यांत मोठं बटण ताईंनी डोळ्यापाशी धरलं आणि मला रस्त्याच्या पलीकडं पाठवलं. तिथून बटण दिसतच नव्हतं. नाट्यगृहातल्या पंधराव्या रांगेत बसलेल्या मुलाला बटण दिसायचं तर ते बशीएवढं हवं. शिवाय आतल्या नटाला समोरचं दिसायला हवं, नाहीतर दुसऱ्याच गाण्यात तो रंगमंचावरून खाली. शेवटी पुठ्ठ्याची काळी चकती, मधल्या चार भोकांच्या जागी जरा मोठी भोकं आणि मागं काळी जाळी, असं ठरलं. जाळीतून आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला फक्त काळं.

"पण डोळे झाकले की नटाचं अर्धं भांडवल गेलं," ताई म्हणाल्या. "आता त्याला सगळं आवाजावर करायला लागणार. म्हणून या बाईला गाणी जास्त आहेत."

राक्षसपार्टी

घाबरवण्याचा हा धंदा मराठी रंगभूमीला नवा नाही. तिचा जन्मच त्यात झाला. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्यापुढच्या पौराणिक खेळांचा साचा ठरून गेला. सूत्रधार पदं म्हणून गोष्ट पुढं न्यायचा, विदूषक मध्ये लुडबुडायचा, गणपती-सरस्वती येऊन जायचे आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. नटसंचात देवांचं काम करणारे वेगळे, स्त्रीभूमिका करणारे वेगळे, आणि राक्षसांची स्वतंत्र राक्षसपार्टी. राक्षस यायचे ते "अललऽऽ डुर्र" अशी आरोळी ठोकत, उड्या मारत, हत्यारं परजत. पुढच्या पिढीतल्या शिकल्यासवरल्यांनी या सगळ्या खेळांनाच हिणवून अलल डुर्रची नाटकं म्हटलं.

हिणवणाऱ्यांनी त्यातली कारागिरी मात्र नीट पाहिली नाही. राक्षसाच्या प्रवेशाला राळ उडवत. मशालीवर राळेची पूड फेकली की भप्पकन् मोठा जाळ होतो आणि क्षणात विझतो. त्या एका झोतात रंगवलेला चेहरा, सुळे, लाल जीभ दिसून जाते. जाळ गेल्यावर डोळ्यांना आधीचा मिणमिणता उजेडही काळोखच वाटतो, आणि त्या काळोखात राक्षस नेमका कुठं आहे ते कळत नाही. विजेचा दिवा येण्याआधी इतका हिशेबी प्रकाशखेळ करणारी माणसं अडाणी नव्हती.

पुढं ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगवलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. त्यात राक्षस आहे, घटोत्कच, आणि तो झोपलेल्या सुभद्रेला रात्रीतून उचलून नेतो. कथेचा सांगाडा काढून पाहिला तर प्रसंग भयंकर आहे. पण हा राक्षस घरातलाच, भीमाचा मुलगा. पाठवणारा कृष्ण, आणि प्रेक्षकाला हे आधीच ठाऊक. सुभद्रा घाबरते, आपण घाबरत नाही, आणि तिच्या घाबरण्याची काळजी मात्र वाटत राहते. मुलांच्या नाटकाला आजही हीच युक्ती लागते: रंगमंचावरच्या मुलापेक्षा खुर्चीतल्या मुलाला चार गोष्टी जास्त माहीत हव्यात.

त्या काळात मंडईच्या हाकेच्या अंतरावर नाटकगृहांची दाटी होती. १९०९ साली किर्लोस्कर मंडळीनं पुण्यात स्वतःचं थिएटर बांधलं. पुढं त्याचं वसंत टॉकीज झालं. मंडईलगत १९१५ साली आर्यन सिनेमा सुरू झाला, १९८३मध्ये गेला आणि त्या जागी वाहनतळ आला. डुल्या मारुतीकडं आर्यभूषणमध्ये तमाशाचे फड गाजत. भाजी, भक्ती आणि तमाशा यांचा शेजार या भागाला कधी खटकला नाही. मंडई विद्यापीठाच्या नावानं पुण्यात जी फटकळ, हजरजबाबी भाषा ओळखली जाते, तिचा निम्मा अभ्यासक्रम या तिकीटघरांच्या रांगांत शिकवला गेला असेल.

चिंची आणि तिच्या बहिणी

मुलांसाठी म्हणून वेगळं, नेटकं, व्यावसायिक शिस्तीचं नाटक मराठीत स्थिरावलं ते १९५९नंतर. त्या वर्षी मुंबईत सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं. पहिलं नाटक 'मधुमंजिरी', लेखक रत्नाकर मतकरी. १९६२ साली मतकरींनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' ही त्यांची सगळ्यांत टिकलेली बालनाट्यं.

मतकरींच्या नावावर मराठीतल्या काही सगळ्यांत अंगावर येणाऱ्या गूढकथा आहेत, हे इथं विसरून चालत नाही. मोठ्यांची झोप उडवणारा लेखक मुलांसाठी लिहायला बसला तेव्हा त्यानं काळोख गाळून टाकला नाही. भीती कुठं सोडायची आणि कुठं पकडायची, हे गूढकथेच्या लेखकाला गोडगोड लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण याच हातानं घडवलेली आहे. दुष्ट आहे, कपटी आहे आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश आहे. दुष्टपणापेक्षा तिची बढाईच मुलांना जवळची वाटते, कारण बढाई मारणारं माणूस कधी ना कधी तोंडावर पडतं हे वर्गातल्या अनुभवानं त्यांना पाठ असतं.

चिंची गाजवली दिलीप प्रभावळकरांनी. २०१८ साली चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात नाटक पुन्हा आलं तेव्हा चेटकीण झाले वैभव मांगले, आणि त्यांच्यानंतर नीलेश गोपनारायण. त्या वर्षी १५ ऑगस्टला दादरच्या शिवाजी मंदिरात एका दिवसात पाच प्रयोग झाले. कुबड, टोप, रंगवलेलं नाक सांभाळत दिवसातून पाचदा नाचायचं म्हणजे काय, ते बुरूड आळीतल्या दुकानदाराला विचारावं.

तीनही नट पुरुष. हा योगायोग नाही, असं मला परदेशातली उदाहरणं पाहताना वाटू लागलं. रोआल्ड डालच्या १९८८च्या 'मटिल्डा' कादंबरीवरून रॉयल शेक्सपिअर कंपनीनं २०१०मध्ये संगीत नाटक केलं. त्यातली मुलांना छळणारी मुख्याध्यापिका मिस ट्रंचबुल साकारली बर्टी कार्व्हेल या नटानं. २००९मध्ये न्यूयॉर्कला 'कोरलाइन'चं संगीत नाटक झालं, त्यातली बटणांच्या डोळ्यांची आई झाला डेव्हिड ग्रीनस्पॅन, ज्यानं नाटकाची संहिताही लिहिली होती. इंग्रजांच्या नाताळच्या पँटोमाइममध्येही प्रौढ बाईचं सोंग पुरुषच घेतो.

यामागचं व्यवहारज्ञान सरळ आहे. मुलाच्या जगात सर्वांत बलाढ्य व्यक्ती आई. बाईनंच बाईचं भयंकर रूप हुबेहूब उभं केलं तर पाच वर्षांच्या प्रेक्षकाला पळायला जागा उरत नाही. पुरुषानं लुगडं नेसून, आवाज चढवून केलं की सोंगाची शिवण दिसत राहते. मूल घाबरतं आणि त्याच वेळी हे खोटं आहे हेही त्याला कळतं. दोन्ही एकदम घडतं म्हणून ते खुर्चीत टिकून राहतं. बालगंधर्वांच्या काळात स्त्रीपार्टीचा नट ती शिवण लपवण्यासाठी जिवाचं रान करायचा; चिंचीचा नट ती मुद्दाम उसवून दाखवतो. कसब तेच, दिशा उलटी.

पुण्यात 'अलबत्या गलबत्या'च्या एका सकाळच्या प्रयोगाला माझ्या पुढच्या रांगेत एक चिमुरडी होती. चेटकिणीच्या पहिल्या प्रवेशाला ती खुर्चीवरून आईच्या मांडीवर गेली. दुसऱ्या प्रवेशाला मांडीवरूनच ओरडून अलबत्याला सावध करू लागली. मध्यंतरात तिनं वडापाव खाल्ला. तिसऱ्या प्रवेशाला ती दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी राहून चेटकिणीलाच दमात घेत होती. सगळ्या प्रवेशांना चेटकीण तीच, पोशाख तोच. मधल्या वेळात मुलीला आपल्या आवाजाची ताकद कळली होती.

बटणांच्या डोळ्यांची आई

नील गेमनची 'कोरलाइन' ही छोटी कादंबरी २००२ची. जुन्या मोठ्या घराचे तुकडे पाडून केलेल्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहायला येतं. आईवडील सतत कामात. मुलीला बैठकीच्या खोलीत एक दार सापडतं, उघडलं तर पलीकडं विटांची भिंत. एके दिवशी भिंत नसते. पलीकडं हेच घर, हेच आईबाप. पण जेवण चविष्ट, खेळणी जिवंत, आणि त्या दुसऱ्या आईच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं. कायमचं राहायचं असेल तर तुझ्याही डोळ्यांना बटणं शिवू दे, एवढीच तिची अट.

पुस्तकात ही भीती खासगी असते. मूल एकटं वाचतं, पान मिटू शकतं, दिवा लावून परत उघडू शकतं. भीतीचा वेग त्याच्या हातात असतो. नाट्यगृहात वेग दिग्दर्शकाकडं जातो, आणि त्या बदल्यात मुलाला आजूबाजूची पाचशे मुलं मिळतात. कादंबरीचं नाटक करताना हा सौदा नीट बसवावा लागतो. न्यूयॉर्कच्या मंडळींनी तो मोठा धीट बसवला. नऊ वर्षांच्या कोरलाइनच्या भूमिकेत त्यांनी जेन हूडीशेल ही पन्नाशी ओलांडलेली अभिनेत्री घेतली. स्टीफिन मेरिटनं संगीतासाठी मोठा वाद्यमेळ घेतलाच नाही. साधा पियानो, तारांमध्ये वस्तू अडकवून बिघडवलेला पियानो आणि खेळण्यातला पियानो, एवढ्यावर सगळं नाटक. खेळण्यातल्या पियानोचा आवाज गोड असतो, पण सूर किंचित हललेला. घर आपलंच, तरी काहीतरी बिनसलेलं, हे ऐकूनच कळतं. रंगमंचावर कोळिष्टकं लटकवायची गरज उरत नाही.

हेच मी शिबिराच्या तालमीत पाहिलं, अर्थात पियानोशिवाय. पेटीवाल्यानं खऱ्या आईची ओवी जशीच्या तशी घेतली आणि खोलीतल्या बाईसाठी तीच चाल एक स्वर कोमल करून वाजवली. मुलांना स्वराचं नाव माहीत नव्हतं. पण चाल सुरू झाली की तालमीतली सगळ्यांत दंगेखोर पोरंही गप्प व्हायची.

गाणं कुठं ठेवायचं

काळोख्या गोष्टीत गाणं घातलं की ती सौम्य होते, असा समज आहे. पुणेकरांनी तरी तो बाळगू नये. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. ओळीनं उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांचा जिवंत पडदा डोलत, गात राहतो आणि त्याच्या आडून क्रौर्य घडतं. चाली कीर्तनाच्या, लावणीच्या, ओळखीच्या. पाय नकळत ठेका धरतो आणि मग आपण कशाला ठेका धरला ते लक्षात येऊन अंगावर काटा येतो. मुलांच्या नाटकात एवढं तिखट चालणार नाही, पण तत्त्व तेच. वाईट माणसाची चाल सर्वांत गोड हवी.

आपल्या जुन्या संगीत नाटकात पद आलं की गोष्ट थांबायची. गायक रंगायचा, प्रेक्षक वन्समोअर मागायचे, नायिकेवरचं संकट अर्धा तास दाराबाहेर खोळंबायचं. आताच्या संगीत नाटकात गाणं संपतं तेव्हा गोष्ट पुढं सरकलेली असावी लागते. मुलांच्या बाबतीत हा नियम जास्तच कडक. संवादात चेटकिणीनं जाळं पसरलं तर लहान मूल निम्मं विसरतं; गाण्यात पसरलं तर ध्रुवपद तीनदा येतं आणि डाव पाठ होतो. पुढं अलबत्या फसू लागला की सभागृह आधीच किंचाळतं.

गाण्याचा दुसरा उपयोग श्वासाचा. भीतीच्या प्रसंगानंतर लगेच ठेका येतो, टाळ्या पडतात, आणि तोवर आखडून बसलेली लहान अंगं सैल होतात. शिबिराच्या दिग्दर्शिकेनं संहितेच्या कडेला पेन्सिलनं जागोजागी "श्वास" असं लिहून ठेवलं होतं. प्रत्येक श्वासाच्या जागी गाणं नव्हतं. कुठं विनोद, कुठं नुसतं पाणी पिणारं पात्र.

राक्षस नको म्हणणारे

पुण्यात याविरुद्ध मतही तितकंच जोरकस आहे आणि त्याचीही परंपरा आहे. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचे फोल्कर लुडविग यांनी मुलांच्या रंगभूमीवरून पऱ्या, राक्षस, राजपुत्र हद्दपार केले. मुलांची खरी भांडणं, खरे प्रश्न, तेही गाण्यांसह. आणि मुलांची कामं करणार मोठी माणसं. ही चळवळ १९८६च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर ॲकॅडमीनं मॅक्स म्युलर भवनाच्या साथीनं पुण्यात आणली. पहिलं नाटक 'छान छोटे वाईट मोठे'. नावातच जाहीरनामा आहे. पुढं श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे अशांनी हे नाटक अस्सल पुणेरी करून टाकलं. 'घाशीराम'मधले नाना फडणवीस आणि ग्रिप्सचे पुरस्कर्ते एकच, आगाशे; शिवाय पेशानं मनोविकारतज्ज्ञ. मुलांच्या भीतीबद्दल बोलण्याचा अधिकार याहून भक्कम असू शकत नाही.

ग्रिप्सचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला चेटकिणीची भीती वाटते असं मोठ्यांना वाटतं, मुलाला भीती वाटते ओरडणाऱ्या बापाची, चिडवणाऱ्या टोळीची, बंद दाराआड चाललेल्या भांडणाची. राक्षस दाखवून आपण खरं भांडण लपवतो.

हे म्हणणं खोडून काढता येत नाही, आणि खोडून काढायचं कारणही नाही. 'कोरलाइन'सारखी गोष्ट नेमकी या दोन घराण्यांच्या मधे उभी आहे. तिच्यात चेटकीण आहे, पण ती जंगलात राहत नाही. बैठकीच्या खोलीतल्या दारापलीकडं राहते आणि आईच्या रूपात येते. मुलीच्या घरची अडचण ग्रिप्सच्या नाटकात शोभेल अशी: आईवडिलांना वेळ नाही. शिबिरातल्या पोरांनी, यातलं काहीही कुणी न शिकवता, तीच गोष्ट रचली. त्यांच्या पहिल्या मसुद्यात खोलीतली बाई मुलांना हवा तेवढा वेळ मोबाइल देत होती. चेटकीण कोण, हे ओळखायला त्यांना सुळे लागले नाहीत.

मराठी बालरंगभूमीनं आजवर गोष्ट उचलली ती मुख्यतः परीकथेच्या आणि लोककथेच्या भांडारातून, नाहीतर ग्रिप्ससारखी थेट शाळा-सोसायटीतून. मधली जागा मोकळी आहे. तिथं हवी आपल्या वाड्यांत, चाळींत, टॉवरांत घडणारी काळोखी अद्भुत कादंबरी, मुलं रात्री पांघरुणात वाचतील अशी, आणि मग तिचं संगीत नाटक. चाली रचणारे आहेत, चेटकीण होणारे नट आहेत, कुबड वळणारे हात आहेत.

काळोख किती सेकंद?

प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांत मोठा वाद झाला तो ब्लॅकआउटवर. खोलीचं दार उघडताना पूर्ण काळोख हवा, यावर एकमत. किती वेळ, यावर नाही. प्रकाशयोजना करणाऱ्या दादाचं म्हणणं, दहा सेकंद. दिग्दर्शिका म्हणाली, चार. मोठ्यांच्या नाटकात दहा सेकंद चालतात, कारण मोठी माणसं काळोखात गप्प बसतात. मुलांच्या नाटकात तिसऱ्या सेकंदाला पहिलं "आईऽऽ" येतं, पाचव्याला दहा जणांचं येतं आणि सातव्याला आयांचे मोबाइल पेटतात. पेटलेला मोबाइल म्हणजे भीती मेली. शिवाय दाराबाहेरच्या पाट्यांचा उजेड झाकता येत नाही आणि झाकूही नये. आपत्काळात मुलांना वाट दिसलीच पाहिजे. म्हणजे नाट्यगृहात पूर्ण काळोख असा नसतोच. अखेर चार सेकंद ठरले, आणि त्या चार सेकंदांत खेळण्यातल्या घंटीचा एकच टोला.

बाकीचं गणितही मुलांच्या अंगानं चालतं. प्रयोग सकाळी, किंवा दुपारी जेवणानंतर. मध्यंतर लवकर, कारण स्वच्छतागृहाची रांग मोठी. गाण्यांचा ट्रॅक आधीच ध्वनिमुद्रित केला तर खर्च वाचतो आणि चाल चुकत नाही, पण मुलं ओरडू लागली की ट्रॅक थांबत नाही. पेटीवाला थांबतो, ओरडा ओसरू देतो आणि मग सूर देतो. शिबिराच्या प्रयोगात पेटीवाला होता. बटणांची बाई पहिल्यांदा वळली तेव्हा सभागृहात जो गलका उठला, तो त्यानं तब्बल अर्धं मिनिट पेटीचा भाता नुसता हलवत ऐकून घेतला. गाणं त्यानंतर सुरू झालं आणि शब्दन्‌शब्द पोहोचला.

कुबड जागचं हललं नाही. जाळीतून नटाला समोरचं दिसत होतं, तरी एका गिरकीला तो विंगेत धडकला; मुलांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मात्र शेवटच्या प्रवेशात दार बंद करून बाईला कायमचं कोंडायचं होतं, तेव्हा दार लावणाऱ्या मुलीनं तालमीत नसलेली गोष्ट केली. दाराला पाठ लावून ती उभी राहिली आणि आपली एक ओळ गाळून सरळ समूहगीतात शिरली. दिग्दर्शिकेनं नंतर तिला विचारलं. मुलगी म्हणाली, "ती ओळ 'मी तुला घाबरत नाही' अशी होती ना? मी घाबरले होते. मग खोटं कशाला म्हणू?" पुढच्या प्रयोगापासून ती ओळ कायमची गेली.

निघताना नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीशी एक गृहस्थ दुसऱ्याच एका बालनाट्याची चौकशी करत होते. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा, खिडकीच्या कठड्यावर हनुवटी टेकून. "फार भीतीदायक नाही ना? हा जरा हळवा आहे," गृहस्थ म्हणाले.

आतल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आहे भीतीदायक. पोरं रडतात पण. आणि पुढच्या रविवारी आजीला घेऊन परत येतात." मग ते मुलाकडं वळले. "काय रे, पुढची रांग देऊ का मागची?"

मुलानं वडिलांकडं न बघता सांगितलं, "पुढची."